संपादकीय : स्मृतीची जोपासना



आपल्या संस्थेची वार्षिक स्मरणिका वाचकांच्या हाती देताना आम्हांस नेहमीप्रमाणेच आनंद होत आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या संपादकीयात समाजापुढील एखाद्या प्रश्नाचा विचार करावा, अशी आपली प्रथा आहे. यंदा 'स्मरणिका' या शब्दातील स्मरणाकडेच आम्ही वळलो आहोत. वाचलेले स्मरणात कशाने टिकते, कशाने निसटते, आणि आपल्या घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना त्या बाबतीत आपण कोणते साहाय्य करू शकतो, हा यंदाचा विषय होय. विषय वरकरणी केवळ शाळेचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाशी आपल्या समाजाचा फार जुना आणि वेदनेचा संबंध आहे.

मे आणि जून हे दोन महिने इंग्लंडमधील आपल्या अनेक घरांत ताणाचे असतात. कुणाची जीसीएसई असते, कुणाची ए-लेव्हल. मुलाने वर्षभर पुस्तके वाचलेली असतात, वहीचे पानन् पान पिवळ्या हायलायटरने रंगविलेले असते, आईवडिलांनी पाळीची कामे सांभाळून आणि पोटाला चिमटा घेऊन ट्यूशनही लावलेली असते. तरीही पेपर हाती आला की वाचलेले आठवत नाही. ऑगस्टमध्ये निकाल लागतो आणि घरात एक वाक्य उच्चारले जाते : "ह्याच्या डोक्यात काही राहतच नाही." किंवा त्याहून वाईट : "ह्याला बुद्धीच बेताची."

निकालापेक्षा आम्हांस अधिक चिंता वाटते ती या वाक्याची. आपल्या आजोबा-पणजोबांना हेच वाक्य ऐकविण्यात आले होते, आणि तेही त्यांची कोणतीही परीक्षा न घेता. विद्या ही काही जातींच्या रक्तातच असते, पाठांतर त्यांनाच साधते, असे सांगून ज्ञानाची दारे बंद ठेवण्यात आली. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले, पालीचे अध्ययन केले आणि पाली व्याकरण व शब्दकोशाचे मोठे काम मागे ठेवले. जे वाक्य खोटे पाडण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते त्यांच्याच अनुयायांच्या घरात, आपल्याच लेकरांविषयी पुन्हा उच्चारले जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. बहुतेक वेळा मुलाची बुद्धी उणी नसते. अभ्यासाची रीत चुकलेली असते. रीत मात्र बदलता येते.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अधिक तीव्र झाला आहे. २०१५ पासून जीसीएसईचे नवे अभ्यासक्रम लागू होऊ लागले आणि २०१७ पासून त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. पूर्वी वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी दिले जाणारे पेपर आणि परीक्षेव्यतिरिक्तच्या कामाचे गुण यांचा भार बहुतेक विषयांत कमी झाला, आणि दोन वर्षांच्या अभ्यासाचा कस शेवटच्या काही आठवड्यांत लागू लागला. इंग्रजी साहित्याच्या पेपरात नाटक वा कादंबरी जवळ ठेवता येत नाही. साहजिकच दहावीच्या वर्गात ऑक्टोबरात शिकलेले अकरावीच्या मे महिन्यात आठवणे, हीच मोठी कसोटी ठरली आहे. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या शिक्षण चालत आले, तेथे अभ्यासाच्या युक्त्या जेवणाच्या टेबलावरच कानी पडतात. आपल्या अनेक घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेली ही दुसरी किंवा तिसरीच पिढी आहे. यास्तव या युक्त्या आपल्याला प्रयत्नपूर्वक मिळवाव्या आणि वाटाव्या लागतील.

विस्मरण हा मनाचा स्वभावच आहे, हे प्रयोगाने प्रथम दाखवून दिले ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने स्वतःवर केलेले प्रयोग नोंदविले आहेत. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, मध्ये काही काळ जाऊ द्यायचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना श्रमाची किती बचत होते ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे गळती सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही तासांत. पुढे ती मंदावते. अर्थ असलेला आणि समजलेला मजकूर यापेक्षा पुष्कळ अधिक टिकतो, परंतु उतरण तिथेही असतेच. सोमवारी वाचलेले मंगळवारी धूसर झाले, तर मुलाने घाबरण्याचे कारण नाही. ते सर्वांचेच होते.

मग उपाय कोणता? पुन्हा वाचणे, हे उत्तर आपल्या ओठांवर येते. संशोधनाचे उत्तर निराळे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते तेथून लंडनला आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्याच विद्यापीठातील आर्थर गेट्स या संशोधकाने शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. वेळ सर्वांना सारखाच दिलेला होता. नुसते वाचत राहिलेल्या मुलांपेक्षा, वेळेचा मोठा हिस्सा पुस्तकावरून नजर काढून स्वतःशी आठवण्यात घालविलेल्या मुलांच्या अधिक लक्षात राहिले. १९३९ मध्ये हर्बर्ट स्पित्झर याने अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर मोठी पाहणी केली. वाचनानंतर लगेच ज्यांना प्रश्न विचारले गेले, त्यांच्या मनात तो मजकूर पुढे कितीतरी अधिक टिकला. ज्यांना फार उशिरा विचारले गेले, त्यांचे पुष्कळसे तोवर गळून गेले होते.

अलीकडचा एक प्रयोग आम्ही थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या मुलांच्या फसगतीचे मर्म आहे. २००६ मध्ये सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र पालटले : वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. विशेष म्हणजे, आपल्याला पुढे अधिक आठवेल असा विश्वास वाटत होता तो वाचणाऱ्या गटालाच. वारंवार वाचल्याने शब्द ओळखीचे होतात, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. रस्त्यात भेटणारा माणूस चेहऱ्याने ओळखीचा असतो. त्याचे नाव विचारले की आपण गप्प होतो. हायलायटरने रंगविलेल्या पानाचेही असेच आहे. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा ओळी रंगविणे व पुन्हा पुन्हा वाचणे या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागणे या दोन पद्धती सर्वाधिक उपयोगाच्या ठरल्या.

कणगीतून धान्य काढत राहिले की कणगी रिती होते. स्मृतीचे उलट आहे. जितके आठवून बाहेर काढावे, तितके ते आत दृढ होते. आठवताना डोक्याला जो ताण पडतो, त्याला आपण अपयशाची खूण समजतो. वास्तविक तोच अभ्यास होय. मात्र आठवून झाल्यावर पुस्तक उघडून ताडून पाहणे अत्यावश्यक आहे, नाहीतर चूकच पक्की व्हावयाची.

दुसरी गोष्ट अंतराची. २००८ मध्ये निकोलस सेपेडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक व्यक्तींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिला अभ्यास आणि उजळणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, हा त्यांचा प्रश्न होता. उजळणीनंतर सात दिवसांनी चाचणी असेल तर मधले अंतर सुमारे एका दिवसाचे लाभदायक ठरले. पस्तीस दिवसांनी असेल तर अकरा दिवसांचे. आणि जवळजवळ वर्षभराने असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. तात्पर्य असे की, जितके दूरवर लक्षात ठेवायचे तितकी उजळणी विरळ हवी. पण ती हवीच.

येथे एका नाजूक विषयाला स्पर्श करणे आम्हांस आवश्यक वाटते. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण आपल्या मुलांना नेहमी सांगतो. महाराष्ट्रात जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. अभिवादन म्हणून त्यांचे मोल आम्ही पूर्णपणे मानतो. परंतु तासांचा आकडा मुलांच्या पाठीवर छडीसारखा वापरला जाऊ लागला, तर त्यातून प्रेरणेऐवजी न्यूनगंड निर्माण होईल. बाबासाहेबांचा अभ्यास एका रात्रीचा नव्हता. तो वर्षानुवर्षांचा, रोजचा होता. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी टिपणे काढली, आणि वाचलेले स्वतःच्या लेखनात उतरविले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ हे त्याचे फळ. तास आपण मोजतो. त्या तासांत ते काय करीत हे मात्र सांगावयाचे राहून जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या अठरा तासांपेक्षा अठरा निरनिराळ्या दिवसांचा एकेक तास स्मृतीला अधिक मानवतो, हे आपण आपल्या मुलांना निःसंकोचपणे सांगितले पाहिजे.

या गोष्टी बौद्ध परंपरेला अपरिचित नाहीत. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली, तेव्हा परंपरेनुसार आनंदाने धम्म आणि उपालीने विनय मुखोद्गत सांगितला. उपाली हा पूर्वाश्रमीचा न्हावी. ज्या व्यवसायाला समाजाने हीन लेखले, त्या व्यवसायातून आलेल्या माणसाच्या स्मृतीवर संघाने आपले सारे नियम विसंबून ठेवले! स्मरणशक्ती कोणत्याही जातीची मिरास नाही, याचे यापेक्षा जुने आणि बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत तिपिटक लिपिबद्ध होईपर्यंत, कित्येक शतके ते भाणकांच्या मुखीच राहिले. कुणी दीघनिकायाचे भाणक, कुणी मज्झिमनिकायाचे. अशी त्यांनी कामाची वाटणी केली होती. ते एकत्र बसून, मोठ्याने, ठराविक काळाने सज्झायन करीत. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लगेच खटके. चार आर्यसत्ये, पाच स्कंध, आर्य अष्टांगिक मार्ग, बारा निदाने अशा संख्यांच्या मुठीत आशय बांधलेला असे. अंगुत्तरनिकायाची तर सारी रचनाच संख्येच्या चढत्या क्रमाने आहे. आठवून म्हणणे, अंतराने म्हणणे, ताडून पाहणे आणि गटांत बांधणे : आजची प्रयोगशाळा जे सांगते ते या भिक्खूंनी अनुभवाने जाणले होते.

याचा पडताळा आपल्याच घरात घेता येईल. इंग्लंडमध्ये जन्मलेले आपले मूल, ज्याला मराठी वाचताना अडखळायला होते, ते त्रिशरण, पंचशील आणि बुद्धवंदना न चुकता म्हणते. या पाली ओळींसाठी त्याने कधी रात्र जागविली नाही. दर आठवड्याला, सर्वांबरोबर, पुस्तकावाचून म्हणत म्हणत त्या त्याच्या झाल्या. जे मूल हे करू शकते, त्याच्या डोक्यात काही राहत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तथापि येथेच एक सावधगिरीची सूचनाही दिली पाहिजे. वंदना पाठ असणे आणि तिचा अर्थ ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही आपण घरोघरी पाहतो. निकायांत बहुश्रुताचे जे वर्णन येते, त्यात ऐकणे, धारण करणे आणि वाणीने घोळविणे यांवर थांबलेले नाही; त्यापुढे मनाने विचार करणे आणि प्रज्ञेने अर्थापर्यंत पोहोचणे या पायऱ्या आहेत. म्हणून आधी समजून घ्यावे, मग आठवावे. न समजलेल्या समीकरणाची उजळणी करण्यात अर्थ नाही. त्यासाठी शिक्षकांकडे जावे आणि निर्भयपणे विचारावे. मिलिंदपञ्हातही राजाने भिक्खू नागसेनाला स्मृती कशाकशाने जागी होते असे विचारले आहे. उत्तरादाखल आलेल्या यादीत साम्य, भेद, दुसऱ्याने करून दिलेली आठवण, ग्रंथात केलेली नोंद अशी कारणे येतात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला याच प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, मिलिंदाचे, नाव आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. नवी गोष्ट जुन्या गोष्टीला जोडली, ही कशासारखी आणि ती कशाहून वेगळी असे विचारले, की आठवायला धागा मिळतो.

आता घरी करता येण्याजोग्या काही गोष्टी. शाळेतून आल्यावर त्या दिवशी शिकलेले, वही न उघडता, एका कोऱ्या कागदावर लिहून काढावे. दहा मिनिटे पुरेत. मग वही उघडून राहिलेले दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरावे. हा दुसरा रंग मुलाला अभ्यास कोठे हवा ते सांगतो. महत्त्वाच्या व्याख्या, सूत्रे, सनावळ्या यांसाठी पत्ते करावेत : एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये जर्मन भाषेतील आपल्या पुस्तकात सांगितलेली कप्प्यांची पेटी बुटांच्या रिकाम्या खोक्यातही होते. उत्तर बरोबर आले तर पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकले तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहावा, पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने. जे येते त्यावर वेळ जात नाही, जे येत नाही ते सुटत नाही. गणिताचे एकाच प्रकारचे वीस प्रश्न ओळीने सोडविण्याऐवजी निरनिराळे प्रकार मिसळून सोडवावेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डग रोहरर आणि केली टेलर यांच्या प्रयोगात मिसळून सराव करणारे विद्यार्थी सरावाच्या वेळी मागे होते. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र त्यांना ६३ टक्के मिळाले आणि एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्यांना २० टक्के. आणि झोप कधीही कापू नये. झोपेत विस्मरण मंदावते, हे कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डालेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखविले होते.

या साऱ्यात आईवडिलांना रसायनशास्त्र वा फ्रेंच येण्याची गरज नाही, हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. रात्रपाळीहून आलेली आई चहा पिता पिता हातात पत्ते धरून प्रश्न विचारू शकते. उत्तर मागच्या बाजूस लिहिलेलेच आहे. मुक्कामाला आलेल्या आजीला आज शाळेत काय शिकलो ते मराठीत सांगावयास लावले, तर विषयही पक्का होतो आणि भाषाही. ज्या पालकांनी नागरिकत्वासाठी 'लाइफ इन द यूके' ही चोवीस प्रश्नांची परीक्षा दिली आहे, त्यांना दुसऱ्याने प्रश्न विचारल्याचा उपयोग वेगळा सांगावयास नको. पैशावाचून होणारे हे साहाय्य आहे. त्याला केवळ थोडा वेळ आणि पुष्कळ धीर लागतो. उत्तर चुकले तर "एवढेही येत नाही?" असे म्हणू नये. "बरे झाले, आजच कळले," असे म्हणावे.

आपल्या संस्थेपुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवतो. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांसाठी राखून ठेवावा. मोठ्या ताई-दादांनी धाकट्यांना विचारावे, पुस्तके मिटलेली असावीत; गुण नकोत, क्रमांक नकोत, बक्षिसेही नकोत. चुकण्याची लाज नसलेली एक जागा आपल्या प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे. भाणकांनी एकमेकांच्या स्मृतीला आधार देत धम्म जपला, तसा आपल्या मुलांनी एकमेकांचा अभ्यास जपावा. ज्यांची मुले मोठी झाली आहेत आणि ज्यांना सवड आहे, अशा उपासक-उपासिकांनी यासाठी पुढे यावे, ही विनंती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. शूद्र आणि स्त्रिया यांना विद्या नाकारणारी ती स्मृती होती. पालीतील 'सति' हा शब्दही स्मृतीचाच, आणि त्यात स्मरण व जागृती हे दोन्ही अर्थ आहेत. ही दुसरी स्मृती कुणाच्या जन्मावर अवलंबून नाही. सरावाने ती कुणालाही साध्य आहे. तिची जोपासना हे प्रत्येक घराचे काम आहे, आणि ते आज संध्याकाळी एक पुस्तक मिटून सुरू करता येईल.

परीक्षेस बसणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना मंगल कामना.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!

— संपादक मंडळ